खडा पुढं टाकायचा

४ नोव्हें.
पुन्हा कुत्री. बजाजनगरच्या चौकातून कंपनीच्या रस्त्याला वळलं की ती ठरलेलीच. आज पायजमा फाडला मेल्यांनी. दगड उचलला आणि पुढच्याच्या पाठीत घातला, केकाटत पळालं. त्यानंतर जी धावले, तशी आजवर धावले नव्हते. राग आला की पाय हलके होतात, हे नवीनच कळलं. शर्यत डिसेंबरात. दहा कि.मी., आयुष्यातली पहिली. दादाला अजून सांगितलेलं नाही. मोठा भाऊ, खोली त्याच्या नावावर. भाकऱ्या मात्र मी थापते.

९ नोव्हें.
सोयगावकडून बा आला. "कुत्र्यासाठी व्हय? मंग ही घे." त्याची स्वतःची गोफण. लोकरीच्या दोरीची, हातानं काळी पडलेली. लहानपणी मेंढरांमागं हीच फिरवायचे. बाचं जुनंच पालुपद: "जनावराला मारायचं नाय, रेखे. खडा त्याच्या पुढं टाकायचा. ते बिचकतं अन् वळतं." गच्चीवर फिरवून बघितली. हात विसरलेला नाही.

१५ नोव्हें.
कुत्र्यांचं मिटलं. आता माणूस. चौकातल्या चहाच्या टपरीवर बसणारा, काळ्या मोटारसायकलवाला. कितीदा मागं गाडी लावली, मी दुर्लक्ष केलं. आज जवळ आणली आणि पाठीत फटका मारला. तोंडावर पडले, दोन्ही गुडघे सोलले. "और तेज भाग!" म्हणत गेला. शबाना (कंपनीत माझ्याच लाइनवर असते, सोबत धावते, यापुढं श.) त्याला शिव्या घालत राहिली. मला एक शिवी सुचली नाही. मग दिवसभर मशीनसमोर उभी राहून मनातल्या मनात त्याचं तोंड फोडत होते.

१८ नोव्हें.
तो परत आला. समोरून, सरळ अंगावर. श. ओरडली, बाजूला हो. मी झाले नाही. कमरेची गोफण सोडली, फिरवली, खडा त्याच्या पुढं टाकला. पुढंच टाकला. बानं शिकवलं तसा. मेंढरू बिचकलं असतं. यानं गाडी आणखी पिळली, आणि खडा जिथं पडायचा तिथं त्याचं तोंड आलं.
गाडी आडवी. तो खाली, डोळा धरून, बोटांमधून रक्त. श. मला ओढत होती, मी हलले नाही. बघत राहिले. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, लई बरं वाटलं.

१९ नोव्हें.
त्याचे दोन भाऊ दारात. डावा डोळा गेला. पोलिसांत जाणार नाहीत, गेले तर त्याचंही बिंग फुटेल. "पुन्हा रस्त्यावर दिसली ना, पाय मोडून हातात देऊ." हे दादाला सांगितलं. मी तिथंच उभी, पण माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.
ते गेल्यावर दादानं पट्टा काढला. "पळायची हौस हाय नं तुला? पळ की आता! पळ!" पाठीवर, मांड्यांवर. मी ओरडले नाही. मग विळ्यानं बूट कापले, माझ्यासमोर, दोन्ही. तेव्हा रडले. थोड्या वेळानं बघते तर तोही कोपऱ्यात रडतोय. "ते खरंच मोडतेत, रेखे. तुला ठावं नाय ही लोकं." त्याच्याबद्दल काय वाटावं, कळेना. अंग ठणकतंय.

२० नोव्हें.
बाला फोन. सगळं सांगितलं. बा म्हणाला, "मारायचं नाय म्हनून सांगितलं हुतं."
पुढंच टाकला होता, म्हटलं.
"मंग?"
वळला नाही.
"गाडीवरचा कसा वळंल, येडे!" आणि फोन ठेवून दिला.

२९ नोव्हें.
दादा पहिल्या पाळीला गेला की गच्चीवर पळते, गोल गोल, अनवाणी. टाचेत काच घुसली. ओढून काढली, परत पळाले. रक्ताचे ठसे नंतर पुसले.
झोपेत खडा सुटतो. दर वेळी तोच ओला आवाज. आता बरं वाटत नाही, पण पुरतं वाईटही नाही. त्याची आई डोळ्यात औषध घालत असेल, असं मनात येतं, आणि लगेच वाटतं, माझ्या गुडघ्यांना कुणी हळद लावली? तो नुसता वळला असता तर...

१३ डिसें.
श.नं तिचे जुने बूट दिले. मोठे होतात, पुढं चिंध्या कोंबल्या. "कल आती ना? नै आई तो घर कू आको खिंचके ले जाऊंगी." शर्यत आमच्याच चौकातून जाते आणि तिथूनच परत येते. परवापासून तो टपरीवर बसतोय म्हणे. डोळ्याला हिरवी पट्टी, भाऊ शेजारी. हे सांगताना श. माझ्याकडं बघत नव्हती.

१४ डिसें., सकाळी
छातीला नंबर लावला. दादा जागा आहे, भिंतीकडं तोंड करून पडलाय. रोज रात्री आतून कडी लावून वर कुलूप घालतो, आज नुसतं दार लोटलंय.
गोफण उशाखाली ठेवून चालले आहे. नेली तर हात तिच्याकडं जाईल, मला माझा हात माहीत आहे.
तो रस्त्याकडं तोंड करून बसतो. जाताना मी त्याच्या डाव्या अंगानं येईन, त्याला दिसणार नाही. परतताना मात्र उजव्या. तेव्हा बघेल. भाऊ उठतील, नाही उठणार, मला ठाऊक नाही. पण मीही त्याच्याकडं बघणार आहे, आणि बघून काय वाटेल याचीच जास्त भीती वाटते.
श. खालून हाका मारतेय.