माळ गळ्यात नाही, खाटेच्या दांड्याला

आत्याबाई, तुम्हाला जाऊन कैक वर्षं झाली. तुमचा लेकही गेला. पण सून म्हणून माझं तुमच्याशी एक भांडण बाकी आहे, ते आज करते.

दुष्काळाचं साल होतं. वैरण नव्हती, म्हणून दूध नव्हतं, म्हणून सोसायटीत दूध मोजायचं यांचं कामही बसलं होतं. त्यातच पित्ताच्या नळीत खडा अडकून हे हळदीसारखे पिवळे पडले. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी लिव्हर जपायच्या गोळ्या दिल्या आणि मी विचारलं म्हणून समजावूनही सांगितलं. लोखंड गंजतं तसं या आजारात लिव्हर आतून खराब होतं. ही गोळी तो गंज आधी आपल्या अंगावर घेते. दुसऱ्या दिवशी तुम्ही भूमहून एसटीनं आलात आणि मुळ्यांच्या तुकड्यांची काविळीची माळ यांच्या गळ्यात घातलीत. माळ लांबत बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली, असं तुमचं म्हणणं. माळ देणाऱ्याची अट एकच, दुसरं औषध बंद.

मी माळ काढते आणि खाटेच्या लोखंडी दांड्याला अडकवते. सगळा वॉर्ड बघतो आहे.

"घाल ती गळ्यात! माझ्या लेकराला काय झालं तर?"

"तर माझं कुंकू जाईल, आत्याबाई."

"अन् माझं पोटचं जाईल. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून लई शिकलीस व्हय गं?"

खाटेवरून हे म्हणतात, "हसवू नका दोघी, टाके ओढत्यात."

गोळ्या चालू राहिल्या. यांचे डोळे निवळत गेले. आणि माळ? दांड्यावरच लांबत लांबत फरशीला टेकायला आली. मुळ्या वाळून आक्रसल्या, दोरा सैल पडला, एवढंच. "दांड्याला कावीळ झाली होती का?" मी विचारलं. तुम्ही पापणीसुद्धा न हलवता म्हणालात, "जवळच व्हती न्हाय का, म्हणून उतरली."

परवा मी वाचलं, ऑपरेशननंतर लिव्हर जपायला देतात त्या असल्या औषधांचा खरंच किती उपयोग होतो, यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. तुम्ही असता तर तोंडाला पदर लावून हसला असता. हसा. खडा निघाला म्हणूनच हे बरे झाले असतील, गोळीनंही नाही आणि माळेनंही नाही. तरी मी हटणार नाही. माझ्या गोळीला माणसं अजून प्रश्न विचारतात आणि ते छापूनही येतात. तुमच्या माळेला मी एकच प्रश्न विचारला, तर मरेपर्यंत तुम्ही मला गावभर 'माळ काढणारी' म्हणत राहिलात. म्हटलंत ते खरंच आहे. आज तीच खाट समोर आली, तर माळ पुन्हा दांड्यालाच जाईल.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. तुमची माळ मी दांड्याला लावून पाहिली. माझी गोळी मात्र एक दिवसही चुकवून पाहिली नाही. तेवढी छाती मलाही नव्हती.