पाण्यावरचा सूर्योदय

३ फेब्रुवारी
ठरलं. बावीस तारखेला, रविवारी, माझं पहिलं फोटोग्राफी वर्कशॉप : ‘पाण्यावरचा सूर्योदय’. बायकोच्या शाळेतल्या शिक्षिका येणार, खुद्द मुख्याध्यापिकाही. जागा तेवढी शोधायची आहे. जागा काय, पैशाला पासरी. बायको म्हणाली, शाळेत मी आजवर घरचं काही बोलले नव्हते, तुझ्या भरवशावर पहिल्यांदा बोलले आहे, तेव्हा जरा नीट कर. नीट म्हणजे? स्टुडिओत इतकी वर्षं पासपोर्ट फोटो काढतोय, कोणाचा एक कान तरी राहिलाय का?

संकल्प : उद्यापासून रोज पहाटे लोकेशनची पाहणी.

४ फेब्रुवारी
गजर झाला. आभाळ भरून आलं असावं असं वाटलं. खिडकी उघडून पाहिलं असतं तर उगाच थंडी आत आली असती.

५ फेब्रुवारी
पहाट हुकली. मान आखडली आहे.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
स्टुडिओतून लवकर सटकून नदीवर. फ्रेममध्ये पुलाचा खांब. नदी रद्द.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
सापडली! गावाबाहेरचा तलाव. समोर दोन टेकड्या, मधल्या खिंडीत सूर्य अलगद उतरला, पाणी तांबडंलाल. ट्रायपॉडच्या जागांवर चुन्याने फुल्यासुद्धा मारून ठेवल्या. पहाट काय नि संध्याकाळ काय, सूर्य तोच. एकदा खाली जातो, एकदा वर येतो, एवढाच फरक.

१५ फेब्रुवारी
सासरे जेवायला. सकाळी जाऊन पाहिलंत का, म्हणाले. सासऱ्यांना शंका काढायची खोडच आहे. मी कम्पोझिशनवर बोलत राहिलो. ते भात कालवत राहिले.

१७ फेब्रुवारी
आज बायकोने तेच विचारलं. हो म्हटलं. आता हे अगदीच खोटं नाही, मनाने मी रोज पहाटे तिथेच असतो.

१८ फेब्रुवारी
तिने ते शाळेत सांगितलं! नवरा स्वतः पहाटे जाऊन बघून आलाय म्हणून. मुख्याध्यापिकाबाई फार खूश आहेत म्हणे. उद्या काहीही झालं तरी पहाटे जाणारच.

१९ फेब्रुवारी
गेलो. पोचेस्तोवर ऊन डोक्यावर आलेलं. उजेड मात्र भरपूर आहे.

२१ फेब्रुवारी
सकाळपासून लेन्स चार वेळा पुसली. मोठ्या कलावंतांचं आदल्या दिवशी असंच होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार
सगळ्या जणी अंधारात आपापल्या फुलीवर उभ्या. मी सांगितलं, बोलू नका, खिंडीवर नजर ठेवा. नजर ठेवली. खिंड ढिम्म. मग मान गरम लागायला लागली. माझीच नाही, सगळ्यांची. भूगोलाच्या बाई अगदी हळू म्हणाल्या की पश्चिम या बाजूला आहे. मागे वळलो तर गोदामाची लांबलचक पत्र्याची भिंत, आणि तिच्यावरून सूर्य बराच वर आलेला.

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मुख्याध्यापिकांनी बायकोकडे पाहून विचारलं, हे येऊन बघून गेले होते ना? आता ही खरं सांगणार.

ती म्हणाली, “हो. मीही होते बरोबर. माझंच लक्ष नव्हतं.”

परतताना गाडीत मी ढगांचं काहीतरी बोललो. ती बाहेर बघत होती. घरी आल्यावर तिने शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या. लाज वाटली, खरोखरची.

२३ फेब्रुवारी, सोमवार
पहाटे आपोआप जाग आली. ती तयार होऊन चपला घालत होती. एवढ्या लवकर कशाला, विचारलं. म्हणाली, स्टाफरूममध्ये कोणी यायच्या आत जाऊन बसलेलं बरं.

सोडायला येऊ का, असं विचारणार होतो. तोवर दार लागलं होतं.