बाज उभी आहे

तुळजापूर,
कार्तिक शुद्ध दशमी, १९६१

प्रिय वने,

तुझं भुसावळचं पत्र पाडव्याच्या दिवशी हातात पडलं. पोस्टमननं दारातूनच "रेल्वेवाल्या बाईंचं पत्र" अशी हाक दिली, इतक्या वर्षांत त्यालाही तुझं अक्षर ओळखू यायला लागलंय. मे महिन्यात वसंतरावांचा पास निघतोय, माझं तिकीट तू काढणार आणि आपण काशीला जायचं, हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. मग पुढची ओळ वाचली. तू लिहिलंयस, 'काशी तुझी पाहिलेली आहे, तेव्हा वाट तू दाखव. आणि ज्या पायरीवरून तुझी वहाण गंगेत पडली, ती पायरी मला पाहायचीच आहे.' माझं हसू तिथंच गेलं. पत्र मिठाच्या बरणीमागं ठेवलं आणि आठ दिवस त्याला हात लावला नाही. आज लिहायला बसलेय ती सगळं सांगूनच उठणार आहे. तू मात्र शेवटपर्यंत वाच, मधेच फाडू नकोस.

तेरला आपण दोघी जुन्या वस्तीच्या पांढरीवर मणी वेचायला जायचो, आठवतं ना? परकराच्या ओच्यात मूठमूठ मणी गोळा व्हायचे आणि घरी गेल्यावर परकर मळवला म्हणून पाठीत धपाटे बसायचे. मास्तर म्हणाले होते, हे मणी हजारो वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या देशांत जायचे. तू तेव्हा नाक उडवून म्हणाली होतीस, मणी एवढा लांब जातो आणि आपण आडापर्यंतसुद्धा विचारून जायचं? दोघींनी शपथ घेतली होती, जिला आधी मिळेल तिनं दुसरीला घेऊन फिरायचं. पुढं तुझ्या कपाळी रेल्वे आली आणि माझ्या कपाळी देवीचं स्वयंपाकघर. तू सुट्टी लागली की पुरी, दिल्ली, म्हैसूर. मी तेरहून तुळजापूरला आले, आणि माहेरच्या फेऱ्या सोडल्या तर इथंच राहिले.

पुजाऱ्याच्या घरी सुट्टी नसते. मंगळवार, शुक्रवार, अमावस्या, पौर्णिमा, दोन्ही नवरात्रं, जत्रा. यजमान आले की चुलीवर पुरणाचं पातेलं चढलंच. एकदा मी ह्यांना म्हटलंसुद्धा, आईसाहेबांना वर्षातून तीनदा निद्रा आहे, त्यांच्यासाठी नगरकडून पलंग पायी चालत येतो, मला निदान दुपारची चटई तरी मिळू द्या. हे म्हणाले, "देवीला सासू नाही." सासूबाई शेजारीच वाती वळत होत्या. त्यासुद्धा हसल्या, पण चटई काही मिळाली नाही. मात्र वने, या चुलीपुढं बसून मी एक विद्या कमावली. ह्यांच्या चोपड्यांत यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात, माझ्याकडं त्यांच्या बायका असतात. पुरण वाटताना मी प्रत्येकीला विचारत आले, तुमचं गाव कसं आहे, पाणी कुठून आणता, बाजार कुठल्या वारी, सणाला काय करता. आता बाई उंबऱ्यात वाकली की तिची साडी, जोडवी, गाठोड्याची गाठ बघून मी सांगते, ही बार्शीकडची, ही बालाघाटावरची. हे आधी थट्टा करायचे. आता यजमानाचं गाव आठवेना की हळूच आत येऊन मलाच विचारतात.

आणि याच विद्येनं मला खोटं बोलायला शिकवलं. सात वर्षांपूर्वी तू रामेश्वराहून पत्र पाठवलंस, समुद्राच्या वाळूचे चार कण पाकिटात घालून. त्या दिवशी माझ्या पायांना चिखल्या झाल्या होत्या आणि घरात बावीस पानं जेवायची होती. मला तुझा मत्सर वाटला, वने. सरळ शब्द लिहिते, मत्सर वाटला. आणि मी तुला लिहिलं की आम्हीही काशी करून आलो. मी काशीला गेलेले नाही. ते घाट, ते पहाटेचं धुकं, तो हुज्जत घालणारा नावाडी, सगळं बार्शीच्या एका यजमानीणबाईंनी मला पुरण वाटता वाटता सांगितलेलं. वहाणही त्यांचीच पडली होती. तू त्या पत्राचं इतकं कौतुक केलंस की पुढच्या वर्षी मी मुंबईचा समुद्रही पाहून टाकला. तुझी शारदी आजवर सोलापूरलासुद्धा गेलेली नाही.

आता जे सांगते ते मात्र माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. यंदा कोजागिरीची गर्दी ओसरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवळातल्या कल्लोळ तीर्थाच्या पायऱ्यांवर एक म्हातारी बसलेली ह्यांना दिसली. नाव लक्ष्मम्मा. तिच्या गावची निम्मी माणसं पायी आली होती, निम्मी बैलगाड्यांतून. परतताना पायीवाल्यांना वाटलं म्हातारी गाडीत आहे, गाडीवाल्यांना वाटलं ती पायी निघाली. हे तिला घरी घेऊन आले. गाव विचारलं तर "वाडी". वाड्या काय, ढेकळागणिक आहेत. फौजदाराला बोलावलं, त्यानं तालुका विचारला, जिल्हा विचारला, राज्य कुठलं तेही विचारलं. म्हातारी म्हणाली, "आदी निजामाचं म्हनले, मग हैद्राबादचं म्हनले, आता मुंबईचं का म्हैसूरचं, मला काय ठावं बाबा? राज बदललं, म्या हाय तिथंच हाय की." फौजदार हसला आणि म्हणाला, सगळ्या तालुक्यांना कळवतो, महिनाभरात काहीतरी समजेल.

महिनाभर! म्हातारीनं ते ऐकलं आणि पुढ्यातलं ताट सरकवलं. मी तिच्यासाठी ओसरीवर बाज टाकली, तर तिनं बाजेला हातही लावला नाही, तिच्या शेजारी भुईवर अंग टाकलं. सासूबाई म्हणाल्या, अहो, कोजागिरी झाली, देवी उठली, आता बाजेवर झोपायला हरकत नाही. त्यावर ती रडायलाच लागली. म्हणाली, "देवी उटली, पर म्या घरला पोचले न्हाय. तिकडं समद्यांच्या बाजा उब्या आसतील. लेकरंबाळं भुईवर निजत्यात माज्यापायी. कसा घास गिळू?" सासूबाईंना काही उलगडेना. माझ्या हातात परात होती, ती मी तशीच खाली ठेवली. कारण हे मी ऐकलेलं होतं. उमरग्याची शांताक्का, आमची यजमानीण, चार वर्षांपूर्वी याच चुलीशी बसून हसत सांगत होती की तिच्या माहेराजवळ एक वाडी आहे. दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत देवी पलंगावर झोपते, तेवढे दिवस तिथं कुणी बाजेवर झोपत नाही, सगळ्या बाजा भिंतीला उभ्या करतात. आणि तुळजापूरला गेलेलं शेवटचं माणूस घरी येईपर्यंत गावात एकही बाज आडवी होत नाही. मी म्हातारीला विचारलं, तुमच्याकडं सणाला पुरण की गव्हाच्या खिरीची हुग्गी? म्हणाली, हुग्गी. बाजार गुरुवारचा? म्हणाली, व्हय. गावाच्या तोंडाशी ओढा, आणि ओढ्यात दगडाचा नंदी? ती उठून बसली आणि माझं मनगट धरलं. म्हणाली, "बाई, तुमी आमच्या वाडीला कवा आल्ता?"

गाव कळलं, पण पोचवणार कोण? फौजदाराला सांगितलं, तर त्याचे शिपाई अजून आठवडाभर मोकळे नव्हते. ह्यांची देवळातली पाळी, शेजारचे जोशी अंथरुणाला खिळलेले. मी म्हटलं, मी जाते. हे म्हणाले, "तू? एकटी? नळदुर्गच्या पुढं काय आहे तुला ठाऊक तरी आहे का?" माझ्याआधी बोलल्या त्या सासूबाई, ज्यांनी वीस वर्षांत मला शेजारच्या हळदीकुंकवालासुद्धा घड्याळ बघून पाठवलं. "जाऊ दे गोपाळकृष्णा. तिला सगळ्या गावच्या वाटा तोंडपाठ आहेत. एकदा पायांनाही कळू दे." आणि स्वतः उठून त्यांनी दशम्यांचं पीठ भिजवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. मी खिडकीशी बसले. नळदुर्गचा किल्ला आला तेव्हा मी म्हातारीला हलवून दाखवला, जसा काही मीच बांधलाय. पुढं हैदराबादचा रस्ता, मालमोटारींची रांग, धूळ, आणि दोन्ही बाजूंना गुडघाभर ज्वारी. वने, ही सगळी गावं मला आधीच ठाऊक होती! पाट्या वाचत होते आणि प्रत्येक गावाची एक बाई आठवत होती. उमरग्याला शांताक्काचं घर विचारत गेले. ती दारात मला बघून म्हणाली, "अगंबाई, देवीच चालत आली की काय!" तिच्या नवऱ्यानं, गुरुलिंगानं, लगेच गाडी जुंपली. चार कोस बैलगाडी. हाडं खिळखिळी झाली, पण मी हूं की चूं केलं नाही, कारण म्हातारी खाली उतरून बैलांच्या पुढं चालायला निघाली होती.

दिवस मावळायच्या बेताला ओढ्यातला नंदी दिसला. ओढा ओलांडून वर आलो आणि मी गाडीतच उभी राहिले. वाडीतल्या एकूण एक घरापुढं, भिंतींना टेकून, बाजा उभ्या होत्या. लहान, मोठ्या, सुंभाच्या, एक तर पाळण्याएवढी, कुणा लेकराची. पाच दिवस झाले होते पौर्णिमेला. बाळंतीण भुईवर होती, तापानं फणफणलेला एक म्हातारा भुईवर होता, पण बाज आडवी झाली नव्हती. म्हातारीचा मुलगा नागप्पा दोनदा उमरग्यापर्यंत शोधून आला होता आणि तिसऱ्यांदा निघायला भाकरी बांधून घेत होता. त्यानं आईला पाहिलं आणि ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडला. मग कुणीतरी आरोळी दिली आणि बाजा खाली यायला लागल्या. घराघरातून धप, धप असा आवाज. त्यांनी पहिली बाज चावडीपुढं टाकली, तिच्यावर कोरी घोंगडी अंथरली, आणि म्हणाले, आधी तुम्ही बसा. मी बसले. मला रडू आवरलं नाही आणि मी ते आवरलंही नाही. मग हुग्गीची वाटी हातात देऊन बाया भोवती बसल्या आणि एकीनं विचारलं, "बाई, तुमचं गाव कसं हाय? पानी कुटून आनता?" जन्मभर मी जो प्रश्न विचारला, तो मला पहिल्यांदाच कुणी विचारला. मी सांगत सुटले.

दोन रात्री ठेवून घेतलं त्यांनी. परत आले ते दशम्यांचं गाठोडं जसंच्या तसं घेऊन. सासूबाईंनी ते उघडून पाहिलं, मी कुणाकडं काय जेवले ते त्यांना कळलं, पण सोवळ्याओवळ्याचं नावही त्यांनी काढलं नाही. मी हातपाय धुवायला परसात गेले तर त्यांची बाज भिंतीला उभी. वने, त्यांचे गुडघे तुला माहीत आहेत, उठताना दोघांनी धरावं लागतं. ह्यांनी सांगितलं, मी निघाले त्याच दिवशी त्यांनी ती उभी करायला लावली आणि मी येईपर्यंत भुईवर झोपल्या. मी बाज आडवी केली, त्यांना धरून तिच्यावर बसवलं. म्हणाल्या, "सांग आता, वाडी कशी आहे?" ह्यांनी चोपडीत वाडीचं पान उघडलंय आणि त्यावर पहिल्यांदाच माझ्या हातानं लिहायला लावलंय.

तर असं आहे. माझी काशी खोटी, मुंबई खोटी, ही चार कोसांची वाडी खरी, आणि मला या वाडीचा तुझ्या सगळ्या रामेश्वरांपेक्षा जास्त अभिमान आहे. काशीला मी येईन, पण तिथं वाट तू दाखवायची, मला घाटाची एक पायरीसुद्धा ठाऊक नाही. त्याआधी तू एकदा इकडं ये. शिवाय काशीनंतरच्या कोजागिरीला वाडीच्या लोकांनी बाजा आडव्या करायला मला बोलावलंय. तेव्हाही ये आणि माझ्याबरोबर चल, ती वाट मी दाखवीन, नंदीपासून चावडीपर्यंत. हे सगळं वाचून तुला राग येईल, कदाचित सात वर्षांची माझी पत्रं तू चुलीत घालशील, तो तुझा हक्क आहे. पण आपल्या दोघींत तेरहून खरी लांब गेलीस ती तू, आणि अजून परतली नाहीस. तेव्हा हे पत्र पेटीत टाकायच्या आधीच मी माझी बाज परसातल्या भिंतीला उभी करून ठेवलीय. थंडी पडायला लागलीय आणि भुई चांगलीच गार लागते. येतेस की नाही ते कळव, पण लवकर कळव.

तुझीच भुईवर निजणारी,
शारदी