कुंभारणीच्या गावचं पाणी

८ सप्टेंबर, सोमवार
अम्मांना गेम लागला. चांगलाच. नवऱ्याच्या, रघूच्या जुन्या टॅबवर मी आमच्या ऑफिसचा अर्धवट गेम टाकून दिला होता. सून शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात जाऊन नेमकं काय करते ते सासूबाईंना कळावं, एवढंच मनात होतं. खेळणाऱ्याने नायिका व्हायचं नि राज्य तारायचं. आज घरी आले तर कुकर लावलेला नाही. "थांब गे, पुरातून कुंभारणीला काढत्ये." होडी घ्यायला तलवार विकली म्हणे. तलवार विकता येते हे गोष्ट लिहिणाऱ्या मलाच आठवत नव्हतं. डोसे मागवले. मज्जा.

११
गोंधळ. अम्मा त्या गावात परत गेल्या, चौकशीला. कुंभारीण पुन्हा तेच, "वाचवा, पाणी चढतंय." तिला दुसरं वाक्यच दिलेलं नाही मी. अम्मांना वाटलं आपलंच काम कच्चं राहिलं. पुन्हा होडी, पुन्हा सगळ्यांना देवळाच्या गच्चीवर चढवलं.

१३, शनि.
आता नेमच झालाय. पूजा, कॉफी, मग गाव वाचवणे. म्हणाल्या, "वेलचेरीत पाणी शिरलं तेव्हा आपल्यालाही कोणी काढलंच ना." तेव्हा हे लोक तळमजल्यावर राहायचे. आता काय बाप्पा सांगू, की तो पूर रोज सकाळी आम्हीच सोडतो, खेळणाऱ्याने रोज यावं म्हणून. रघू म्हणतो सांगून टाक. तू सांग ना, आई तुझी.

१५
शेवटी मीच सांगितलं. अम्मांनी एवढंच विचारलं, "मग मी केलं ते कुठं गेलं गे?" टॅब कपाटात ठेवला. फार वाईट वाटलं मला.

१६
सेन्दिलशी बोलले. टीम लीड, माझ्याहून लहान, जास्त शहाणा. "जग बदललं असं हिरोला वाटलं की पुरे. खरंच बदललं तर दोन जगं बांधावी लागतील, पुराआधीचं नि नंतरचं. बांधणार कोण?" खरं तर बरोबर आहे. मीही नव्या मुलांना हेच शिकवते. तरी राग आला. म्हटलं जग राहू दे, एक बाई बदलू. अम्मांची कुंभारीण. म्हणाला बघू. त्याचं बघू म्हणजे नाही.

२१, रवि.
अमावास्या. नवरात्राचा कोलू, बाहुल्यांची आरास, मांडला. पायऱ्यांवर पांढरं कापड, सगळ्यात वर अम्मांच्या तंजावरच्या माहेरचे लाकडी राजा-राणी, खाली जमिनीवर बाग नि परातीतलं तळं. दर वर्षी एक तरी नवी बाहुली आलीच पाहिजे, नाहीतर कोलू झाला असं अम्मा मानतच नाहीत. यंदा मैलापूरहून काय आणावं? चाकाशी बसलेली कुंभारीण. नाक जरा मोठंय. तळ्यापासून लांब, वरच्या पायरीवर ठेवली. मला हसू आवरेना. म्हणजे अम्मांचा राग गेमवर आहे, कुंभारणीवर नाही.

२६, शुक्र.
ऑफिसची मंडळी कोलू बघायला नि हरभऱ्याचं सुंडल खायला. सेन्दिलने पुन्हा मागून घेतलं. अम्मांनी धरलाच त्याला, तमिळमध्ये. "तुमच्या खेळात दर वर्षी नवी बाहुली कोणती ठेवता?" तो म्हणाला, तसं काही नसतं अम्मा. "मग तो कोलू कसला? बाहुल्यांचं दुकान ते." बिचारा हातात द्रोण घेऊन उभा. मग पायऱ्यांवरची कुंभारीण न्याहाळून आला. चपला घालताना मला म्हणाला, "एक बाई. एकच हं." लिफ्टचं दार बंद झाल्यावर मी पॅसेजमध्ये नाचले. समोरच्या मामींनी पाहिलं. पाहू देत.

३०
गेमचा नवा बिल्ड, नवी आवृत्ती, आला. टॅब अम्मांच्या कॉफीशेजारी ठेवला. नको नको करत अम्मांनी उचलला. गावात गेल्या. कुंभारीण म्हणाली, "आलीस? पाणी उतरलं बघ. जेवलीस का?"
अम्मा टॅबला म्हणाल्या, "नाही गे अजून, कॉफीच झाली."
मी आत जाऊन डोळे पुसले. इतका आनंद पगारवाढीला पण झाला नव्हता. दुपारी मामींना टॅब दाखवून आल्या: "ही मला ओळखत्ये."

२ ऑक्टो., दसरा
सेन्दिलचा मेसेज. वरचे लोक विचारतायत, पूर ओसरला तर लोक रोज कशाला येतील? गेम बाजारात जाईल त्यात नवी कुंभारीण की जुनी, सोमवारी ठरणार. अम्मांना सांगितलं. "त्यांना सांग, मी येत्ये की रोज. पूर लागतो कशाला? माणसं आहेत ना."
हेच सांगणार आहे मी, शब्दन् शब्द.
संध्याकाळी आरती. कोलू उतरवण्याआधी एक बाहुली आडवी करून निजवायची असते. दर वर्षी राजाला निजवतात. यंदा अम्मांनी कुंभारणीला निजवलं. "झोप, पाणी उतरलंय."
मग चष्मा लावून टॅब घेतला. गावाबाहेरचा म्हातारा अजून शेळी हरवली म्हणून रडतोय. शेळी अम्मांनी कधीच आणून दिलीय, त्याच्या मागेच उभी आहे.
"मुग्धे, ह्याचं काय करायचं गे?"