दिव्याखालचे खोबरे

रत्नागिरी,
ता. ६ डिसेंबर १९३२

तीर्थस्वरूप दादास,
मथुरेचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे सर्वांच्या प्रकृती ठीक. बोटीने पाठवलेला बिस्किटांचा डबा पोचला. झाकण उघडताना चिमाने बोट कापून घेतले, पण रडली नाही. तिचे रडणेही बोलण्यासारखेच, कमी. सातवे वर्ष लागले तरी पोरीच्या तोंडून धड शब्द नाही. शाळेत घातली होती, तिथल्या बाईंनी काही समजत नाही म्हणून परत पाठवली. आता सासूबाईंनी गोदामावशीचे नाव काढले आहे. आईच्या या बहिणीला आजोळी सगळे येडी गोदा म्हणत, हे आपण लग्नात लपवले असे त्यांचे म्हणणे. मला पुन्हा दिवस गेले आहेत. हेही मूल चिमासारखेच निघाले तर मुलाच्या दुसऱ्या लग्नासाठी लांज्याची मुलगी पाहून ठेवली आहे, असे त्या शेजारच्या गंगुबाईंना मला ऐकू जाईल अशा बेताने सांगत होत्या. इकडच्या स्वारीकडून यावर काहीच बोलणे होत नाही, आणि मला त्याचीच धास्ती वाटते.

दुसरे असे की, तू मुंबईस उंदीर पाळतोस म्हणून आमच्या पडवीत तुझी यथेच्छ थट्टा चालते. मी इथे उंदरांपायी मांजरीच्या पाया पडते आणि तू उंदरांना खाऊ घालतोस! मामंजी घरात आलेले प्रत्येक पत्र पडवीत मोठ्याने वाचतात, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा एकदा तुझ्या कामाचे असे झोकदार वर्णन लिही की सगळ्यांची तोंडे बंद व्हावीत. माझ्या माहेरीही कुणी शहाणे आहे हे त्यांना कळू दे. चिमाविषयी मात्र त्यात अक्षर नको.

माया आहे तशीच राहू दे, एवढेच मागणे.
तुझी मथुरा

मुंबई,
ता. १८ डिसेंबर १९३२

चि. सौ. मथुरेस,
आत्मारामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आज्ञेप्रमाणे झोकात लिहितो. मामंजींना ऐकताना कंटाळा येऊ नये म्हणजे झाले. आमच्या प्रयोगशाळेत एक लांब पेटी आहे. तिला दोन दारे, आणि प्रत्येक दारावर विजेचा चिमुकला दिवा. यातला एकच दिवा लागतो, कधी या दारावर, कधी त्या. जिथे दिवा तिथे आत खोबऱ्याचा तुकडा. वासावरून कळू नये म्हणून दोन्ही दारांना खोबरेल चोळलेले. उंदराने दिव्याचे दार ओळखले की खोबरे त्याचे, चुकला तर तोंड कोरडे. मारणे नाही, हाकलणे नाही, नुसते बक्षीस. काही उंदीर थोड्याच दिवसांत शिकून सरळ दिव्याकडे धावतात. काही जन्मभर भिंतीला मिशा घासत फिरतात.

मग प्रयोगशाळेच्या साहेबांनी हुशारांची हुशारांशी आणि मठ्ठांची मठ्ठांशी सोयरीक जुळवली. पत्रिका नाही, हुंडा नाही, मानपान नाही! आता त्यांच्या पतवंडांची दोन घराणी झाली आहेत. पांढऱ्यांच्या घरात सगळे पंडित, करड्यांच्या घरात एकही शहाणा निपजत नाही. बुद्धी शिकवून येत नाही, ती रक्तातून उतरते, हे या पेटीने दाखवून दिले. साहेबांनी तसा निबंध विलायतेस धाडला असून या कामी माझ्या पाठीवर थाप मारली आहे.

मामंजी व तुझ्या सासूबाई यमुनाबाई यांस साष्टांग नमस्कार. तुझ्या यजमानांस, भिकाजीरावांस, मुंबईस येण्याचा आग्रह कर. प्रकृतीस जप आणि थोरल्या भावाला विसरू नकोस.
तुझा दादा

रत्नागिरी,
ता. ४ जानेवारी १९३३

तीर्थस्वरूप दादास,
सा. नमस्कार. वि. वि.

तुझे पत्र वाचून झाले. मामंजींनी ते चांगले रंगवून वाचले. ‘एकही शहाणा निपजत नाही’ या ओळीशी थांबून त्यांनी चष्मा पुसला आणि ती ओळ पुन्हा वाचली. सासूबाई म्हणाल्या, सख्ख्या भावानेच लिहून दिल्यावर आणखी साक्ष कशाला हवी. चिमा तिथेच उभी होती. मामंजींच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती, आणि सगळे हसले तशी तीही हसली. आता तिचे पान मागच्या पडवीत वेगळे वाढतात. लांज्याला निरोप गेला आहे. तू रागावू नकोस, झोकात लिही असे मीच तुला सांगितले होते. आपण दोघांनी मिळून हे केले.

मी तुझ्या साहेबांसारखेही करून पाहिले. फणसपोळीचा तुकडा मुठीत धरून चिमाला सांगितले, पाणी आणलेस तर हा तुझा. तिने मुठीकडे पाहिले, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि हळूच माझी बोटे सोडवू लागली. पुन्हा सांगितले, पुन्हा तेच. शेवटी मी तिच्या हातावर मारले. मग मलाच रडू आवरेना. तीच माझे डोळे पुसत बसली.

यापुढे पत्र गंगुबाईंच्या पत्त्यावर पाठव. पोटातले मूल हलायला लागले आहे. ते हलले की बाईमाणसाला आनंद व्हायचा, मी पोटावरचा हात काढून घेते.

तुझ्याशिवाय मला आता माहेर नाही, हे ध्यानात ठेव.
तुझी मथुरा

मुंबई,
ता. २८ मार्च १९३३

चि. सौ. मथुरेस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसून, नीट वाच. मागच्या महिन्यात पेटीच्या दिव्यांची तार जळाली. अंधारात पांढरे पंडित करड्यांसारखेच भिंतीला मिशा घासू लागले. करड्यांच्या चालीत मात्र काडीचा फरक पडला नाही. साहेबांनी ते पाहिले. मग त्यांनी करड्यांचे डोळे तपासले. मथुरे, सगळे करडे जन्मांध निघाले. आम्ही दारावर दिवा लावून बसलो होतो आणि त्यांना दिवा दिसतच नव्हता! मग खोबऱ्याच्या दाराशी दिव्याऐवजी काथ्याची चटई टाकली, पायाला लागेल अशी. आठवडाभरात करडे पांढऱ्यांच्या बरोबरीने खोबरे खाऊ लागले. मठ्ठ कुणीच नव्हते.

हे कळल्यापासून मला गोदामावशी दिसते आहे. ती सारखी आपल्या तोंडाकडे पाहायची, आठवते? चिमाही मामंजींच्या तोंडाकडे पाहत होती, असे तूच लिहिलेस. तिच्या पाठीमागे उभी राहा, तिला दिसणार नाही अशी, आणि टाळी वाजव. काय होते ते मला कळव.

आणखी एक. करड्याची पांढऱ्याशी सोयरीक लावली तर पिल्ले डोळस होतात. म्हणजे असले वैगुण्य दोन्ही घराण्यांत दडलेले असल्याशिवाय पिल्लात उतरत नाही, असे साहेब म्हणतात. माणसाचे असेच असेल असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण तुझ्या एकटीच्या माथी ते मारायला आता कुणाजवळ आधार नाही.

देव तुला बळ देवो. उत्तराकडे डोळे लावून बसलो आहे.
तुझा दादा

रत्नागिरी,
ता. २९ मे १९३३

तीर्थस्वरूप दादास,
सा. नमस्कार. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण पुढे कळेल. पावसाळ्यासाठी बोटी बंद होण्याआधी हे तुझ्या हाती पडावे.

पत्र आले त्याच दिवशी मी टाळी वाजवली. चिमा अंगणात बिट्टीच्या बिया मांडून खेळत बसली होती. मग पितळेची परात आपटली. गंगुबाई धावत आल्या, झाडावरचे कावळे उडाले, चिमा बिट्ट्या मांडत राहिली. माझी सावली पुढे पडली तेव्हा मागे वळून हसली. दादा, सहा वर्षे मी या पोरीला हाका मारते आहे, आणि ओ देत नाही म्हणून मारते आहे.

मग बोलणे सोडून मी तिला रिकामा तांब्या दाखवला आणि विहिरीकडे बोट केले. मूठ उघडायच्या आत ती पाणी घेऊन आली. दोन दिवसांत कितीतरी खुणा शिकली. ती शिकली की मी टाळी वाजवून दाखवते आणि फणसपोळी देते, तीही टाळी वाजवते.

मला राहवेना. या घरात कुठल्या सुनेने केले नसेल ते केले, पडवीत उभी राहून तुझे पत्र स्वतः मोठ्याने वाचले. मामंजी शेवटपर्यंत ऐकत होते. दोन्ही घराण्यांचे वाक्य आले तशा सासूबाई उठल्या. म्हणाल्या, उंदीर राखणाऱ्याने आमच्या कुळाला नावे ठेवू नयेत. आणि येडी काय नि बहिरी काय, रक्तातलेच ना, त्याने स्वतःच लिहिले आहे. इकडून चपला घालून बाहेर जाणे झाले. चिमाचे पान अजून मागच्या पडवीतच आहे.

मी बाळंत होऊन तीन आठवडे झाले. मुलगा आहे. गोरा आहे, अंगावर चांगला पितो, आणि नजर दिव्याबरोबर फिरवतो. सासूबाईंनी लांज्याच्या लोकांना दिवाळीपर्यंत थांबवून धरले आहे. तोवर मुलाचे काय ते कळेलच, म्हणतात.

रोज सकाळी मी पाळण्याच्या उशाशी उभी राहते, दोन्ही हात उचलते आणि तसेच खाली घेते. घरात भांडे पडले तरी बाळ दचकले का, हे मी पाहत नाही. काल चिमा माझ्यामागून आली. माझे उचललेले हात तिने पाहिले, तिला ती खूण वाटली. पाळण्यात वाकून तिने जोरात टाळी वाजवली आणि फणसपोळीसाठी माझ्यापुढे हात केला. मी डोळे गच्च मिटून घेतले होते. ते उघडायच्या आधी पाठ फिरवली, आणि तिला फणसपोळी आणायला गेले.

तुझी माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझी मथुरा