पहिल्या हसण्याचं मटण

शनि. ११ ऑक्टो.
पोचले. शेवटचे अठरा मैल कच्चा रस्ता, भाड्याच्या गाडीचा खुळखुळा झाला. ॲरिझोनाचं वाळवंट, नवाहो लोकांची वस्ती, म्हणजे चार घरं आणि एक मेंढवाडा. पाणी पिंपांतून आणलेलं. टीना पूर्वी राले शहरातल्या ऑफिसात माझ्या शेजारी बसायची. बाळंतपणाला माहेरी आली ती इथंच राहिली. बाळ तीन महिन्यांचं, केलन. घर टीनाच्या आजीचं. आजींनी माझी कॅमेऱ्याची बॅग बघितली, त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलल्या. टीनाने अर्थ सांगितला: बाई आत येऊ दे, बॅग गाडीत राहू दे.
महिनाअखेर प्रदर्शनासाठी गॅलरीला बारा फोटो द्यायचेत. त्रेचाळिसाव्या वर्षी मिळालेली पहिली भिंत. आणि कॅमेरा डिकीत!

रवि. १२
कारण कळलं. फार पूर्वी एक जण आला, मागावर बसलेल्या आजींचे फोटो काढले, कॉपी पाठवतो म्हणाला. पुढे आजींना आपला चेहरा दिसला तो शहरातल्या दुकानात, कॅलेंडरवर. कॉपी आजतागायत नाही. मी म्हटलं, मी तसली नाही. तोही असंच म्हणाला असणार.
दिवसभर मेंढ्यांमागे. प्रकाश असा की रडू यावं. बोटं नुसती शिवशिवत होती. टेकडीवर रेंज मिळाली, अमोलचा फोन. "यार, एक तरी काढलास का?" नाही म्हटल्यावर नवऱ्याने महिनाअखेरीला किती दिवस उरलेत ते मोजून दाखवलं.

सोम. १३
घोळ घातला.
टीना चुलीपाशी रोट्या तळत होती, केलन माझ्या मांडीवर. गेली सहा वर्षं आमच्या मॉरिसव्हिलमधल्या यच्चयावत मराठी पोरांचे बर्थडे शूट केलेत मी. मूल समोर आलं की जीभ आपोआप टाळूला लागते, टॉक टॉक, मग डोळे तिरळे, मग नाकाने फुर्र. सवयीचं काय करणार? केलन आधी बघत राहिला आणि मग खदखदून हसला. आयुष्यात पहिल्यांदा.
टीनाचा झारा हवेतच. आजी दारात येऊन उभ्या. मला वाटलं, दृष्ट लावली म्हणतात की काय.
तर रीत अशी: बाळाला पहिल्यांदा जो हसवेल त्याने सगळ्यांना जेवायला घालायचं आणि बाळाच्या हातून एकेकाला मीठ द्यायचं, म्हणजे मूल उदार निघतं. हसवणाऱ्याचा स्वभावही उतरतो म्हणे. म्हणून महिनाभर टीनाचा मामा रोज येऊन तोंडं वेडीवाकडी करत होता. गावातला सगळ्यात दिलदार माणूस. आणि मध्ये मी कडमडले.
आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग टीनाला म्हणाल्या, "हिला स्वयंपाक येतो का, विचार."

गुरु. १६
येतो म्हणाले खरं. माणसं किती? तीस. जास्तही.
मेंढी मामाने दिली, रुसवा न धरता. (खरंच दिलदार.) किराणा दीड तासावर. कपड्यांच्या बॅगेत आईने नागपूरहून पाठवलेला काळा मसाला होता, देव पावला.
भीती जेवणाची नाही. पोरगं माझ्यासारखं निघालं तर? माणूस दिसला की मी आधी चौकट बघते, मग माणूस. हे कुणाला सांगितलं नाही, इथेच लिहितेय.

शनि. १८
जमलं!! सकाळपासून तीन पातेली. अडतीस जण आले. मसाला निम्माच घातला तरी मामाच्या डोळ्यांतून धारा, आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं.
मीठ आजींनी जपून ठेवलेलं, खडे खडे. केलनला कडेवर घेऊन उभी राहिले, त्याची इवलीशी मूठ धरून एकेकाच्या तळहातावर खडा. प्रत्येक जण त्याला काहीतरी बोलून पुढे जायचा. एक म्हातारे काका रडले. कॅमेऱ्याची आठवण झाली नाही. शपथेवर सांगते, एकदाही नाही.
सगळ्यांत शेवटी आजींनी ती मूठ माझ्याच हातावर उघडली. मी खडा जिभेवर ठेवला. टीनाला म्हटलं, सांग त्यांना, आमच्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात.
टीनाने सांगितलं. आजी म्हणाल्या, "मग जा, बॅग आण."

शुक्र. २४, मॉरिसव्हिल
बारा नाही, चौदा. आजी मागावर, आजी मामावर ओरडताना, आजी आणि केलन. आयुष्यात इतकं चांगलं काम केलेलं नाही. स्वतःच्याच स्क्रीनसमोर उभी राहून नाचले. मुलगी म्हणाली, "मॉम, यू आर सो वीअर्ड."
आजींची अट: आधी कागदावरचे फोटो त्यांच्या हातात, मी स्वतः आणून द्यायचे. मग कुठला भिंतीवर जाईल आणि कुठला नाही, ते त्या सांगणार. गॅलरीवाल्या बाईंना तसं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, तारीख हलणार नाही, फाइल्स आजच पाठव.
नाही पाठवल्या. मंगळवारचं विमान बुक केलं, प्रिंट्स हँडबॅगेत.
अमोल म्हणाला, "आणि त्या सगळ्यालाच नाही म्हणाल्या तर?"
तर नाही. अडतीस जणांना पोटभर मटण घातलेली बाई आहे मी. एका भिंतीचं काय घेऊन बसलास!