मामाजींचं भिवापुरी तिखट

भिवापूर,
दि. ५ मार्च

ती. जिजाताईस रुपरावचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी ओरडून सांगितलं तर अर्धं भिवापूर ऐकतं. म्हणून हे कागदावर. इकडे सर्व खुशाल असं लिहायची पद्धत आहे. माणसं खुशाल आहेत. बाकी सगळ्याची किळस आली आहे.

परवा दुपारपर्यंत चांगलं ऊन होतं. बांधावरचा पळस फुललेला, मी मिरची वाळवायच्या सातऱ्यावर बसून ती हलवत होतो. बघता बघता आभाळ काळं झालं आणि बोराएवढ्या गारा सुरू झाल्या. गहू ओंब्यांसकट आडवा झाला. हरभरा सोंगून ढीग घातला होता, त्याला आता घाट्यांतच मोड येऊन राहिले. आंब्याचा मोहर झाडून टाकल्यासारखा खाली पडला. एवढंही सोसलं असतं, पण मिरची, ताई! पसरलेली सगळी मिरची आणखी चार उन्हं खाऊन पोत्यात जाणार होती. आम्ही ताडपत्र्या ओढेपर्यंत सातऱ्यावर घोटाभर पाणी साचलं आणि मिरच्या त्यात पोहायला लागल्या.

तेव्हापासून ऊन नाही. मिरची फुगली, बुळबुळीत झाली, आणि आज सकाळी तिच्यावर उंदराच्या अंगावर असते तशी करडी लव दिसली. वास असा, की ओल्या गोधडीत ताक सांडून ती आठ दिवस कोंडून ठेवावी. हात तीनदा साबणानं धुतले तरी जेवताना तोच वास येतो. तुझी भावजय कामिनी पदर नाकाला लावूनच अंगणात निघते. भिजलेलं कुटार गायीपुढे टाकलं, तर तिनं एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं. दिवसभर उपाशी राहिली, पण तोंड लावलं नाही.

पंचनाम्याचे साहेब आले होते. चिखलात बूट भरतील म्हणून बांधावरूनच फोटो काढले आणि मला म्हणाले, काका, जरा दुःखी चेहरा करा. मी नाक दाबून उभा होतो, तोच फोटो गेला असेल.

एक बरं झालं. लेकीची मिरची पहिल्या तोड्यातून आधी काढायची ही आपल्या घरची रीत, म्हणून तुझी वर्षाची मिरची जानेवारीतच वाळून माळ्यावर गेली होती. घरात धड मिरची तेवढीच उरली आहे. कोणी येणारं भेटलं की पाठवतो.

लोभ आहे तसा राहू दे, सध्या घरात तेवढाच कोरडा आहे.

तुझा,
रुपराव

हुडकेश्वर, नागपूर,
दि. ११ मार्च

चि. रुपरावास जिजाबाईचे अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. तुझ्या त्या वासाचं वर्णन वाचून मी कागदसुद्धा हुंगून पाहिला. लहानपणापासून तुझं असंच आहे, स्वतःला मळमळलं की सगळ्या घराला मळमळवतोस. पण यावेळी हसू आलं नाही रे.

इकडेही गारा पडल्या. आमच्या गल्लीतल्या बाया छत्र्या घेऊन गारा वेचत होत्या आणि पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती. समोरचे केशवराव गॅलरीतून मला ओरडून सांगत होते, की जिजाबाई, काय मस्त हवा सुटली, भजी करा. मला एवढंच ऐकू आलं आणि तेवढंही आलं नसतं तर बरं झालं असतं. ह्या लोकांना गहू दुकानात उगवतो असं वाटतं.

सौरवला सगळं सांगितलं. त्याचा मसाल्यांच्या पाकिटांचा धंदा आता बरा चालतो. सूनबाई मयुरा घरी पॅकिंग करते आणि तो दुकानांत टाकून येतो. पोराला तुझं फार वाईट वाटलं. वाडीकडे त्याच्या ओळखीचा एक कंपोस्ट खत करणारा आहे, त्याला ही सडकी मिरची चालते म्हणे. मामाजींनी तो ढीग रोज डोळ्यांपुढे कशाला ठेवायचा, मीच टेम्पो घेऊन जातो आणि उचलून आणतो, असं म्हणाला. आईला आणखी काय पाहिजे? तू नाही म्हणू नकोस. माझी मिरची त्याच्याच हाती दे.

कामिनीला सांग, होळीला पुरण घालायचा कंटाळा करू नकोस म्हणावं. आभाळावर रुसून आपली पोळी कोण सोडतो?

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

भिवापूर,
दि. १९ मार्च

ती. ताईस रुपरावचा सा. न. वि. वि.

तुझा सौरव येऊन गेला. मी त्याला आजवर शहरातला नाजूक बाबू समजत होतो, तो शब्द परत घेतो. तोंडाला रुमाल बांधून त्यानं स्वतः पोती भरली. मजूरही नाकं मुरडत होते, पण हा थांबला नाही. काही पैसे देऊ का म्हणाला. मी म्हटलं, फुकट ने बावा, फक्त माझ्या नजरेआड कर. वावरात फेकली तर कोणाचं तरी ढोर तोंड लावेल आणि मरेल. टेम्पो वळला तेव्हा पंधरा दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर श्वास घेतला. तुझी मिरची कामिनीनं उशीच्या खोळीत शिवून त्याच्याजवळ दिली आहे.

आता ऊन असं पडतं, की कालपर्यंत कुठं मेलं होतं असं त्याला विचारावंसं वाटतं. चिखल वाळून विटा झाल्या. आडवा गहू मशीननं निघत नाही, बाया बसून कापतात, आणि दाणा निघतो तो काळपट. गारांच्या भीतीनं शेळीनं गाभ टाकला. वसंत ऋतूवर कविता करणाऱ्या सगळ्यांना एक दिवस माझ्या सातऱ्यावर उभं करायला पाहिजे. नाकाला रुमाल बांधायची परवानगी द्यायची नाही.

तिखट कुटलं की रंग कसा आला ते कळव. तेवढी एक गोष्ट या वर्षी नीट झाली असं मला कोणीतरी लिहून दिलं पाहिजे.

लोभ वाढव म्हणत नाही, टिकव.

तुझा,
रुपराव

हुडकेश्वर,
दि. २ एप्रिल

चि. रुपरावास जिजाबाईचे अ. उ. आ.

घे लिहून! तिखट उत्तम झालं आहे. सौरवनंच कुटून आणलं. भाजीत चिमूटभर टाकलं तरी माहेरच्या चुलीपुढे बसल्यासारखं वाटतं. मयुरा तो डबा मधल्या फळीवर ठेवते आणि रोज त्यातलंच वापरते.

दुसरी बातमी अशी, की सौरवनं यंदा भिवापूरच्या मिरचीची वेगळी पाकिटं काढली आहेत. कोण्या चांगल्या व्यापाऱ्याकडून माल मिळाला असेल. रंग म्हणशील तर कुंकवासारखा. मी आमच्या भिशीतल्या सगळ्या बायांना घ्यायला लावली. माझ्या माहेरची मिरची आहे, डोळे मिटून घ्या म्हटलं. माझ्या शब्दावर आख्ख्या गल्लीनं घेतली. भिवापूरच्या दुकानांतही पाठवली आहेत, पाकिटावर एक गंमत आहे, ती तुला तिकडे दिसेलच. मी आधी सांगत नाही.

फक्त केशवराव कुरकुरत होते. तिखटाला जाळ नाही आणि घशात खवखवतं, पोटही बिघडलं म्हणे. मी त्यांना चांगलं सुनावलं, की शहरात राहून तुमची जीभ मेली, त्याला भिवापूरची मिरची काय करेल.

ऊन फार आहे, टोपीशिवाय वावरात जाऊ नकोस. जीव लावून आहेस तसाच राहा.

तुझी,
ताई

भिवापूर,
दि. ९ एप्रिल

चि. सौरवास,

आशीर्वाद लिहायचा की नाही यावर कालपासून अडून बसलो होतो. मामा आहे म्हणून लिहितो, आशीर्वाद.

काल गावातल्या ताराचंदच्या दुकानात गूळ आणायला गेलो. त्यानं हसत हसत एक पाकीट माझ्यापुढे ठेवलं. वर लिहिलं होतं, मामाजींचं भिवापुरी तिखट, आणि खाली माझं तोंड. तुझ्या लग्नातला फेटा बांधलेला फोटो, दात काढून हसणारा. शेजारी तुझी मामी होती, तिला कापलंस, पण तिचा बांगड्यांचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला. ती म्हणते, हा कोणत्या बाईचा हात आहे असं लोक विचारतील. ते जाऊ दे.

मी पाकीट फोडून हुंगलं. सौरव, तो वास मला झोपेतही ओळखता येतो. वरून तू काहीतरी सुवासिक टाकलं आहेस, पण खाली तीच ओली गोधडी आहे. बोटं अजून लाल आहेत, रॉकेलनं पुसली तरी जात नाहीत. मिरचीचा रंग असा चिकटत नसतो.

तू खताला नेतो म्हणालास. मी माझ्या हातानं पोत्यांची तोंडं धरली, तू भरलीस. माझी गाय भिजल्या कुटारालाही तोंड लावत नाही आणि तू ही सडकी मिरची माणसांच्या पोटात घालून राहिलास, आणि वर माझं हसणारं तोंड लावलंस. मला ओकारी आली, आणि ती ताराचंदच्या दुकानापुढेच आली. सगळी पाकिटं परत उचल.

मामा

हुडकेश्वर,
दि. १४ एप्रिल

आदरणीय मामाजींस सौरवचा नमस्कार.

तुम्ही रागात आहात म्हणून मनावर घेत नाही. पण शांतपणे विचार केला तर पाकिटावर खोटं काय आहे? मिरची भिवापूरची आहे. मामाजींची आहे. तुम्हीच खुशीनं दिली. खतवाला गिऱ्हाईक खरंच होता, पण त्यानं भाव पाडला, तेव्हा ही आयडिया सुचली.

माल मी मशीनवर पूर्ण ड्राय केला, बुरशी झटकली आणि थोडा रंग घातला. फटकी मिरची म्हणजे पांढरी पडलेली मिरची मार्केटमध्ये सगळेच चालवतात. हवामानच असं झालं तर धंदेवाल्यानं काय करायचं? मी तुमचं नुकसान वाया जाऊ दिलं नाही, असंही बघता येईल. तुमच्या फोटोमुळे लोकांना विश्वास वाटतो, त्याचा योग्य हिस्सा तुम्हाला देणार आहेच. मामींच्या हाताचं पुढच्या छपाईत दुरुस्त करतो.

एकच विनंती, आईला हे लिहू नका. तिला बीपी आहे. कृपा ठेवावी.

आपला,
सौरव

भिवापूर,
दि. १८ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

सौरवनं तुला कळवू नको म्हटलं आहे, म्हणून कळवतो. पाकिटातलं तिखट माझ्या सातऱ्यावरच्या सडक्या मिरचीचं आहे. खताला नेली ती खतात गेलीच नाही. त्याला विचारलं, तर त्यात खोटं काय असं लिहितो. तुमच्या घरातला मधल्या फळीवरचा डबा उशीच्या खोळीतल्या मिरचीचा असावा, कारण तुझं पोट बिघडलेलं नाही आणि केशवरावांचं बिघडलं.

तू त्याची आई आहेस. माझ्यावर विश्वास ठेवायचा की त्याच्यावर, हे मी सांगणार नाही. पण पाकिटाला तोंड लावू नकोस.

रुपराव

हुडकेश्वर,
दि. २८ एप्रिल

चि. रुपरावास जिजाबाईचे आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुझ्यावरच चिडले. म्हटलं, ह्याची मिरची गेली म्हणून हा माझ्या पोराच्या धंद्यावर जळतो. दोन दिवस तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. मग ठरवलं, विचारायचं नाही, वाढायचं.

रविवारी सौरवच्या आवडीचा बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला, मयुराला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. तिखट पाकिटातलं घातलं. तर्री अशी लाल आली, की बघून कोणाच्याही तोंडाला पाणी सुटावं. तो भाकर मोडून बसला, रस्सा तोंडाजवळ नेला आणि थांबला. कोणत्या डब्यातलं तिखट घातलंस, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, तुझ्या पाकिटातलं, घरचंच आहे. मयुरानं मान खाली घातली. सौरवनं घास ताटात ठेवला आणि तोंड फिरवलं. रुपराव, तू गायीचं लिहिलं होतंस ते मला तेव्हा समजलं.

मग मी त्याचं ताट माझ्याकडे ओढलं आणि घास मोडला. त्यानं माझं मनगट धरलं. आई, तू नको खाऊ, म्हणाला. हे मला एकदम स्वच्छ ऐकू आलं. मी नको, म्हणजे केशवरावांनी खाल्लं तर चालतं, भिशीतल्या बायांच्या पोरांनी खाल्लं तर चालतं. मला पोटच्या पोराची किळस आली. असं कोणत्याही आईनं लिहू नये, पण आली.

काल सकाळी त्याच्या डोक्यावर रिकामं पोतं दिलं आणि त्याला मागं घेऊन गल्लीतल्या घरोघरी गेले. प्रत्येक दारात काय झालं ते त्यालाच सांगायला लावलं, कारण मला ऐकू येत नाही, लोक काय बोलले ते त्यानंच ऐकावं. पाकिटं परत घेतली आणि बदल्यात तुझ्या मिरचीचं तिखट वाटी वाटी दिलं. शेवटच्या तीन घरांना पुरलं नाही. आमचा डबा खरवडून झाला आहे, वर्षभर मी बिनतिखटाचं खाईन, मला चालतं. नागपूरच्या दुकानांतली पाकिटं तो आजपासून उचलतो आहे. ताराचंदकडची तू उचल आणि खड्ड्यात पूर, वर तुझा फोटो आहे म्हणून हात आखडू नकोस.

केशवरावांच्या घरी पाकीट अर्धं संपलं होतं. त्यांनी उरलेलं आणून दिलं. तेवढं मी परत आणलं. संपलेलं अर्धं कुठून परत आणू, ते मात्र तू मला कळव.

पुढच्या वर्षी लेकीची मिरची काढशील तेव्हा ती सौरवच्या हाती देऊ नकोस, मी स्वतः येईन. तोवर माझ्यावर रागावू नकोस.

तुझी,
ताई